लकव्यानंतर पडू नये म्हणून: घरच्या वयस्कांना मोबाईलवरून कसं शिकवायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांतल्या मराठी घरांत जाऊन लकव्याच्या रुग्णांचा व्यायाम घेते. हॉस्पिटलमधून घरी आलं की लोक गोळ्यांबद्दल विचारतात, मालिशबद्दल विचारतात. पडण्याबद्दल मात्र बहुतेक जण पहिल्यांदा पडल्यावरच विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

बाबा आता काठी घेऊन चालतात. मग एवढी पडायची भीती कशाला?

चालायला लागतात म्हणूनच. खाटेवर पडून असलेला माणूस सहसा पडत नाही. जो नुकता उठून चालू लागलाय आणि ज्याला जुन्या सवयीने आपण पूर्वीसारखेच आहोत असं वाटतं, तो पडतो. स्ट्रोकनंतरच्या (लकवा आणणाऱ्या मेंदूच्या झटक्यानंतरच्या) पहिल्या वर्षात एकदा तरी पडलेल्यांचं प्रमाण काही पाहण्यांमध्ये एक-तृतीयांशाच्या वर, तर काहींमध्ये निम्म्याच्याही वर आलं आहे. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे जास्त जपायचे.

कारणं एकापेक्षा जास्त असतात. पाऊल पुढून लोंबतं आणि उंबऱ्याला अडकतं. एका बाजूचं दिसत नाही. उठल्यावर बीपी खाली येतं. रात्री लघवीची घाई होते. शिवाय लकव्याच्या बाजूचं हाड वापराअभावी ठिसूळ होत जातं आणि तोल बहुतेक वेळा त्याच बाजूला जातो, त्यामुळे खुब्याचं हाड मोडायची भीती त्या बाजूला अधिक.

हे समजावून सांगायला मोबाईल कशाला हवा? तोंडाने सांगितलं की झालं.

तोंडाने सांगून झालं असतं तर बरंच होतं. डिस्चार्जच्या दिवशी बिल, फाईल, गोळ्यांचा कागद, रिक्षा असा गोंधळ असतो आणि त्यातच कोणीतरी "सांभाळून चाला हं काका" म्हणतं. काकांच्या डोक्यात त्यातलं काय राहणार? मेंदूला मार बसलेला माणूस लवकर थकतो आणि ऐकलेलं लवकर विसरतो. व्हिडिओ दहा वेळा लावता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि दहाव्या वेळीही तो वैतागत नाही. सुनेचं तसं नसतं.

पण नुसता व्हिडिओ पाठवून काम होत नाही, हे मी माझ्या अनुभवावरूनच सांगत नाही. ऑस्ट्रेलियात हॉस्पिटलमधल्या वयस्क रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. एका गटाला व्हिडिओ व पुस्तिका दिली आणि वर माणूस येऊन त्यांच्याशी त्यावर बोलला. दुसऱ्या गटाला नुसतं साहित्य दिलं. तिसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. सगळे रुग्ण एकत्र धरले तर फरक दिसला नाही, पण ज्यांची समज शाबूत होती त्यांच्यात 'व्हिडिओ आणि माणूस' या गटातलं पडणं कमी झालं. पुढे २०१५ मध्ये तिथल्याच ८ पुनर्वसन वॉर्डांतल्या अभ्यासात, रुग्णांना असं शिकवून त्यांच्या अडचणी कर्मचाऱ्यांपर्यंत पोचवल्यावर पडणं आणि पडून लागणं दोन्ही घटलं. हे रुग्ण फक्त स्ट्रोकचे नव्हते, वेगवेगळ्या आजारांचे होते. तरी धडा आपल्या कामाचा आहे. व्हिडिओ लावल्यावर शेजारी बसायला कोणीतरी हवं.

कुठलं ॲप घेऊ?

कुठलंच नको. घरात व्हॉट्सॲप आहे, ते पुरे.

फक्त फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकू नका. गुलाबाची फुलं, सुप्रभात आणि भाच्याच्या मुंजीचे फोटो यांच्याखाली तो दुपारपर्यंत गाडला जातो. रुग्ण, त्यांना सांभाळणारं माणूस आणि तुम्ही असा तिघांचाच वेगळा ग्रुप करा आणि तो वर पिन करून ठेवा. त्यात दुसरं काही येऊ द्यायचं नाही. 'सात दिवसांत लकवा बरा' छापाचे फॉरवर्ड तर नाहीच नाही.

यूट्यूबवर तयार व्हिडिओ आहेत की. घरी कशाला काढायचा?

तयार व्हिडिओत गोरी बाई गालिच्यावर चालते. तुमच्या घरात कोटा फरशी आहे, दोन इंच उंच उंबरा आहे आणि मागे चोकडीत (भांडी-कपडे धुण्याच्या जागेत) सकाळभर पाणी असतं. आजींना ती बाई पाहून 'हे आपल्याबद्दल आहे' असं वाटत नाही. स्वतःचं बाथरूम, स्वतःची खुर्ची पडद्यावर दिसली की त्या पुढे सरकून बघतात.

मग व्हिडिओ काढायचा कसा?

आधी माझी फजिती सांगते. माझा पहिला व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. खाली बासरी, वर मजकुराच्या पट्ट्या, आणि मी समोर उभी राहून पडण्याची अकरा कारणं सांगतेय. एका आजींनी पूर्ण पाहिला. मी विचारलं, काय लक्षात राहिलं? म्हणाल्या, "तू छान दिसतेस गं, ती साडी कुठली?"

तेव्हापासून एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगते, एक-दीड मिनिटात. 'खाटेवरून उठणं' वेगळा, 'कमोडवर बसणं' वेगळा, 'उंबरा ओलांडणं' वेगळा. संगीत नाही. पंखा बंद करून आवाज घ्यायचा, नाहीतर ऐकू कमी येणाऱ्यांना फक्त घरघर ऐकू येते. बोलणं घरातल्या माणसाचं हवं, शक्यतो ज्याचं ते ऐकतात त्याचं. बहुतेक घरांत तो मान नातवाला असतो.

आणखी एक बाब मला बऱ्याच उशिरा कळली. व्हिडिओ पाठीमागून काढा. समोरून काढला की पडद्यावरच्या माणसाचा डावा पाय बघणाऱ्याच्या उजवीकडे येतो. तुम्ही-आम्ही ते मनात उलटं करून घेतो, स्ट्रोकनंतर अनेकांना ते जमत नाही. सेल्फी कॅमेऱ्यात तर दिसतं एक आणि साठवलं जातं भलतंच. पाठीमागून काढला म्हणजे डावं ते डावं आणि उजवं ते उजवं राहतं.

व्हिडिओंत नेमकं काय सांगायचं?

तुमच्या फिजिओला विचारून ठरवा, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. बहुतेक घरांत लागतात ते असे. उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचं, मिनिटभर थांबायचं, चक्कर नाही ना बघायचं, मग उभं राहायचं. बसताना खुर्चीची कड दोन्ही पायांच्या मागच्या बाजूला लागल्याशिवाय बसायचं नाही. काठी चांगल्या हातात धरायची. पुष्कळ घरांत 'दुबळ्या बाजूला आधार' म्हणून ती लकव्याच्या हातात कोंबतात, ते चूक आहे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा पाय आधी.

एक व्हिडिओ सांभाळणाऱ्यांसाठी काढा. त्यांनी लकव्याच्या बाजूला, किंचित मागे राहायचं, आणि उठवताना तो हात ओढायचा नाही. खांदा निसटतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो.

आमचे आजोबा म्हणतात, "मला काही झालेलंच नाही." कितीही व्हिडिओ दाखवा, उपयोग काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. घरचे त्याला हट्ट म्हणतात. बऱ्याचदा तो हट्ट नसतोच. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला की डावं अंग दुबळं होतं, आणि काहींच्या बाबतीत डावी बाजू जाणिवेतूनच पुसली जाते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. डाव्या बाहीत हात घालायचा राहून जातो. डावा पाय मागे राहिलाय हे त्यांना खरोखर कळत नसतं. अशा माणसाला "तुम्ही नीट चालत नाही" म्हटलं तर तो भांडणारच, त्याच्या हिशेबी तुम्ही खोटं बोलताय.

दांडिया बाजारातल्या एका घरातले आजोबा असेच. निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गातला. मधल्या खोलीचा उंबरा ओलांडताना डावा अंगठा दर वेळी ठेचायचा, नखाखाली रक्त साकळलेलं, आणि विचारलं तर "डास चावला असेल." त्यांची परवानगी घेऊन मी पाठीमागून त्यांचं चालणं मोबाईलवर घेतलं. तीच बारा पावलं. मग त्यांना खुर्चीत बसवलं आणि फोन त्यांच्या उजव्या हाताला धरला. डावीकडे धरला असता तर त्यांनी पाहिलाच नसता. पहिल्यांदा पाहून म्हणाले, "हा कोण लंगडतोय?" दुसऱ्यांदा पाहताना गप्प. तिसऱ्यांदा मी उंबऱ्यापाशी चित्र थांबवलं. पाय अडकलेला, चप्पल निघालेली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाऊल उचललंच नाही की याने." चौथ्यांदा 'याने'चं 'मी' झालं.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही आणि एका दिवसात तर नाहीच. त्या उंबऱ्याच्या डाव्या टोकाला आम्ही लाल चिकटपट्टी लावली आणि 'लाल दिसल्याशिवाय पाय टाकायचा नाही' असा नियम केला. व्हिडिओ रोज सकाळी एकदा. फोन हळूहळू उजवीकडून मधे आणि मग थोडा डावीकडे आणत गेलो, म्हणजे मान तिकडे वळायची सवय लागते.

एक विनंती. हा व्हिडिओ नातेवाइकांत फिरवू नका. माणसाची लाज त्याची असते.

आईला बोलता येत नाही. तिला कसं शिकवायचं?

डाव्या मेंदूचा स्ट्रोक असेल तर भाषा अडते, अक्कल नाही. कमी शब्द, जास्त चित्र. त्यांच्याच घराचे फोटो दाखवा: ओली फरशी आणि कोरडी फरशी, बंद दिवा आणि चालू दिवा. 'कुठे पाय ठेवशील?' विचारून बोट लावायला सांगा. हो-नाही मानेने होतंय ना, त्याची खात्री आधी करून घ्या. काहींची मान 'हो' हलते आणि म्हणायचं 'नाही' असतं.

व्हिडिओवरच्या मजकुराच्या पट्ट्या कुठल्या लिपीत लिहू?

बडोद्याचा हा खास घोळ आहे. बोलणं मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे कित्येक आजींना गुजराती अक्षरं भराभर वाचता येतात आणि देवनागरी अडखळत. विचारून घ्या. अक्षरं मोठी, तीन शब्दांच्या आत. ज्यांना डावीकडचं दिसत नाही त्यांच्यासाठी ती पडद्याच्या उजव्या अर्ध्यात टाका, नाहीतर 'पाय उचला'मधला 'पाय' गायब होऊन 'उचला' तेवढंच उरतं.

समजलं का, हे कसं ओळखायचं?

'समजलं का?' विचारू नका. त्याचं उत्तर 'हो'च येतं, विशेषतः जेवायची वेळ झाली असेल तर. "आता मला शिकवा, खाटेवरून कसं उठायचं?" असं म्हणा. करून दाखवताना कुठे चुकलं ते ऐका, तेवढाच भाग पुन्हा लावा. दुसऱ्या दिवशी परत विचारा. निवृत्त शिक्षक-शिक्षिकांना हा प्रकार फार आवडतो.

स्मरणशक्ती फारच कमी झाली असेल तर?

मग शिकवण्याचा भार रुग्णावर टाकू नका. व्हिडिओ सांभाळणाऱ्यांना दाखवा आणि घर बदला: सतरंज्या गोळा करा, रात्रीचा दिवा लावा, भिंतीला दांडे बसवा.

हिंचक्याचं (झोपाळ्याचं) काय करायचं? बाबांना तोच लागतो.

बडोद्यातल्या घरातून हिंचका काढा म्हणणारी मी कोण! पण लकव्याच्या माणसासाठी ती हलणारी खुर्ची आहे. टेकायला जावं आणि ती मागे सरकावी, इतकाच खेळ. बसताना-उठताना दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, किंवा खालून बांधून तो स्थिर करता येईल अशी सोय सुताराकडून करून घ्यायची. पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी उंची हवी. आणि झोका बाबांनी स्वतः घ्यायचा नाही. याचा व्हिडिओ मात्र काढाच, कारण या एका बाबतीत 'नाही' ऐकायला कोणीच तयार नसतं, आणि नातवाने सांगितलेलं 'आजोबा, आधी मी धरतो, मग बसा' चालून जातं.

बाथरूम?

पाणी पुसलेलं, खुर्ची आत, दांडा भिंतीला, कडी आतून लावायची नाही. टॉवेलच्या दांडीला दांडा समजू नका, ती वजनाने उपटून येते. मागे पट्टा नसलेली स्लिपर आजच बाद करा.

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात. लांबून काही करता येईल का?

करता येतं, आणि बरं करता येतं. व्हिडिओ कॉलवर घराची फेरी मारायला सांगा. पण कॅमेरा चेहऱ्यावर नाही, जमिनीवर. खाट ते बाथरूम हा रस्ता रात्री, दिवे ज्या अवस्थेत असतात त्याच अवस्थेत बघा. मी एकदा एका मुलीला कॉलवर हे करायला लावलं तर वाटेत मिक्सरची वायर, पायपुसणं, गॅसचा रिकामा सिलिंडर आणि झोपलेली मांजर सापडली. आईने दिवसा सगळं आवरून दाखवलं होतं.

पडलेलं ओळखणारं घड्याळ घ्यावं का?

ऐपत असेल तर घ्या, पण ते पडू देत नाही असं समजून घेऊ नका. ते पडल्यानंतर सांगतं. जोरात आदळलं तर ओळखेल, खाटेवरून हळूच घसरून खाली बसलं तर बहुधा नाही. चार्जिंगला लावलेलं, नाहीतर 'पाणी जाईल' म्हणून बाथरूमबाहेर काढून ठेवलेलं घड्याळ कोणाच्या कामाचं? त्यापेक्षा फोनमध्ये तातडीचा नंबर एका बोटाने लागेल अशी सोय करा, आणि फोन चांगल्या हाताच्या खिशात.

घरात कॅमेरा लावावा का?

त्यांना विचारून, बाथरूम सोडून. न विचारता नाही.

व्हिडिओ गेम, व्हीआर वगैरे?

सेंटरमध्ये, फिजिओ शेजारी असताना ठीक. घरी एकट्याने डोळ्यांवर चष्मा चढवून तोल सांभाळणं म्हणजे पडण्याचीच तालीम.

सुधारणा होतेय की नाही, मोबाईलवर मोजता येईल?

एक सोपी चाचणी आहे. हात असलेल्या खुर्चीपासून ३ मीटरवर खूण करा. उठायचं, नेहमीच्या वेगाने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. वयस्कांसाठी साधारण १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याची भीती आहे असं धरतात. स्ट्रोकनंतर पुष्कळांना त्याहून कितीतरी जास्त लागतात, तेव्हा शेजारच्या काकांशी तुलना नको, त्यांच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा. वेळ घेणारा वेगळा आणि शेजारी चालणारा वेगळा, दोन माणसं हवीत. मला आकड्यापेक्षा वळताना काय होतं ते जास्त सांगतं. एका दमात गर्रकन वळणारे पडतात.

इतकं सांगून उलट घाबरून चालणंच बंद केलं तर?

होतं असं. म्हणून 'पडाल!' असा एकही व्हिडिओ नको. धडपडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या क्लिप तर अजिबात नकोत. 'असं केलं की उभे राहता' असं दाखवा. घाबरून बसलेल्या माणसाचे पाय आणखी दुबळे होतात आणि मग तो खरंच पडतो. वयस्कांचं पडणं कमी करण्यात तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम सगळ्यात खात्रीचा मानला जातो. व्हिडिओ त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला.

एकदा शिकवलं की झालं ना?

नाही. मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, पाणी कमी पोटात जातं, वर बीपीच्या गोळ्या. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा अधिक उतरलं तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पावसाळ्यात ओटा आणि पायऱ्या निसरड्या. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, सगळं घर गच्चीवर आणि आजोबा खाली एकटे, 'काय पो छे' ऐकून जिन्याकडे निघालेले. प्रत्येक वेळी त्या-त्या मोसमाचा एक छोटा व्हिडिओ आधीच्या आठवड्यात.

आणि तरीही पडले तर?

लगेच ओढून उठवू नका. कुठे दुखतंय विचारा, पाय एकाएकी आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का बघा. तोंड वाकडं झालंय, हात खाली येतोय, बोलणं बदललंय असं काही दिसलं तर हे पडणं नवा स्ट्रोकही असू शकतो, १०८ लावा आणि किती वाजता सुरू झालं ते सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर बरे दिसत असले तरी हॉस्पिटलमध्ये न्या. हे सगळं ज्या व्हिडिओत असेल तो सांभाळणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये हवा, तुमच्या नाही.

सांभाळणाऱ्या बेनना मराठी येत नाही. त्यांच्यासाठी वेगळे व्हिडिओ काढू का?

चित्र तेच ठेवा, आवाज गुजरातीत पुन्हा भरा, दहा मिनिटांचं काम आहे. त्या शिक्षक आजोबांकडे येणाऱ्या बेननी तर आवाज बंद करून व्हिडिओ पाठ केलाय. उंबरा आला की त्या म्हणतात, "दादा, डाबो पग." आजोबा थांबतात, "डाबो नाही, डावा," अशी दुरुस्ती करतात आणि पाय उचलतात.